राख, रिठा आणि उरी-बाघिनीचे पाणी

धार-देवासच्या पवारांचा इतिहास आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिकांतून पुष्कळदा येऊन गेला आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांबरोबर माळव्यात उतरलेली ही घराणी, देवासची थोरली आणि धाकटी पाती, धारचा किल्ला, १९४८ साली मध्य भारतात झालेले विलीनीकरण, हे सारे आपल्या वाचकांना पाठ आहे. त्या स्वाऱ्यांत घोडी किती होती याचाही हिशेब आपण वाचलेला असतो. यंदा आम्ही एक साधा प्रश्न घेतला आहे. घोड्यावरून उतरलेल्या त्या माणसांचे अंगरखे, त्यांच्या घरच्या बायकांची लुगडी, देवघरातली सोवळी, हे सगळे धूत कशाने असत?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण त्याचे उत्तर शोधू लागलो की स्वयंपाकघर, शेत, नदी आणि गावगाडा असे चारही कोपरे फिरावे लागतात. शिवाय या उत्तराची गरज आज घरोघर आहे. आजीची महेश्वरी दर भाद्रपदात गौरीला नेसवायची आणि दरवर्षी ती थोडी अधिक विरायची, हे किती घरांत चालले आहे ते आपण जाणतोच. वय झाले म्हणून साडी विरते हे खरे, पण चुकीच्या धुण्याने ती त्याहून लवकर विरते.

कोणत्या कापडाला काय लावावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा भाग आहे. त्यात रेशीम आणि लोकर यांना खारी माती, बकऱ्याच्या लोकरीच्या कांबळ्यांना रिठा, तलम वस्त्रांना बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्राला पांढरी मोहरी, अशी वाटणी केलेली आहे. या ग्रंथाच्या इतर सांगण्याशी आमचे पटेल असे नाही, पण या एका जागी लिहिणाऱ्याने कुणा धुणाऱ्याला नीट विचारून घेतलेले दिसते. रेशमाला खारी माती हे वाचून आजची गृहिणी दचकेल. परंतु कच्च्या रेशमावर एक डिंकासारखा थर असतो आणि तो सौम्य खारानेच सुटतो. विणून झालेल्या, नेसत्या रेशमाला मात्र तोच खार वारंवार लागला तर धागा कमजोर होतो. म्हणजे एकच वस्तू एका वेळी औषध आणि दुसऱ्या वेळी विष. हे ओळखणे हेच खरे धुण्याचे ज्ञान होते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांच्या घरी असलेली वस्तू म्हणजे चुलीतली राख. लाकडाच्या राखेत पोटॅशचा खार असतो. राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवली की तळाशी गाळ बसतो आणि वर निवळ, हाताला बुळबुळीत लागणारे पाणी येते. या पाण्यात तेलकट, तुपकट कपडा भिजवला की खार आणि स्निग्धांश एकमेकांत मिसळून कपड्यावरच थोडासा साबण तयार होतो! आपल्या पणज्यांना रसायनशास्त्र शिकवायला कोणी आले नव्हते. केळीच्या खुंटाची किंवा आघाड्याची राख अधिक 'लागते' एवढे त्यांना माहीत होते आणि ते बरोबर होते, कारण त्या झाडांत खाराचे प्रमाण जास्त असते. पांढऱ्या सुती कपड्याला, धोतराला, पंचाला राखेचे पाणी चाले. सुताला खार सोसतो.

घरी न होणारे धुणे परटाकडे जाई. परीट हा गावगाड्यातला बलुतेदार, त्याचा मोबदला धान्यात. त्याची भट्टी हा एक स्वतंत्र कारखानाच असे. कपडे साजीखाराच्या किंवा खाऱ्या मातीच्या पाण्यात भिजवायचे, मोठ्या भांड्याच्या तोंडावर त्यांची उतरंड रचायची, खाली जाळ करून रात्रभर वाफ द्यायची, पहाटे नदीवर नेऊन दगडावर आपटायचे आणि उन्हात पसरायचे. वाफेने मळ सैल होई, आपटण्याने सुटे, वाहत्या पाण्याने निघून जाई, आणि उरलेला पिवळेपणा ओल्या कापडावर पडणारे ऊन काढून टाकी. 'परीटघडी' हा शब्द मराठीत उगाच रुळलेला नाही.

आणि घरोघरचे कपडे एकाच भट्टीत गेले तर ओळखायचे कसे? तेथे आपल्या औषधाच्या बटव्यातला बिब्बा कामाला येई. बिब्ब्याच्या तेलाची खूण कपड्यावर काळी उमटते आणि कितीही भट्ट्या दिल्या तरी जात नाही. इंग्रजांना हे इतके नवलाचे वाटले की त्यांनी त्या फळाला नावच 'मार्किंग नट' दिले.

ज्याच्या हातून सगळ्या गावाचे कपडे शुद्ध होत त्या परटाला मात्र गावाने शुद्ध मानले नाही. त्याने धुतलेले वस्त्र पूजेला चालत नसे, घरच्या माणसाने ते पुन्हा पाण्यातून काढावे लागे. हा विरोधाभास आपल्या घरांतूनही होता, तो झाकण्यात अर्थ नाही. विदर्भातल्या शेणगाव येथे १८७६ साली परीट घरात जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी पुढे हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडून काढली. त्यांना आपण गाडगेबाबा म्हणून ओळखतो. कपडे धुणाऱ्याच्या मुलाने माणसांची मने धुवायला घेतली, असे त्यांच्याविषयी म्हणता येईल.

परटाकडे न जाणारे जे कपडे, तेथे रिठ्याचे राज्य होते. सोवळ्याचा मुकटा, कद, पीतांबर, शेला, शालजोडी, हे सारे घरीच धुतले जाई आणि त्याला राख लावत नसत. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते फेस करते, मळ उचलते, पण खारासारखे धाग्याला खात नाही. रेशीम आणि लोकर हे प्राण्यापासून आलेले धागे. आपल्या केसांसारखेच तेही प्रथिनांचे बनलेले असतात. केसांना जे चालते ते रेशमाला चालते, हा आजीबाईंचा आडाखा म्हणूनच पक्का आहे. दागिने उजळणारा, केस धुणारा आणि शेला सांभाळणारा रिठा एकाच डब्यात असे.

आता पाण्याकडे वळू, कारण धुण्यातला निम्मा गुण पाण्याचा असतो. धार जिल्हा विंध्याच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. वर माळव्याचे पठार, खाली निमाड. निमाडात कुक्षीकडचा भाग पूर्वी धार संस्थानाचा परगणा होता, आणि त्याच भागात नर्मदेच्या जवळ निसरपूर आहे. त्याच्या काठची नदी उरी-बाघिनी या जोडनावाने ओळखली जाते. नावातली बाघिनी ही बाघ या गावाची. अजिंठ्याशी नाते सांगणारी भित्तिचित्रे असलेली बाघची लेणी सर्वांना ठाऊक आहेत. त्याच बाघमध्ये सुती कापडावर ठशांनी छपाई करणारे खत्री कारागीर राहतात. त्यांच्या पूर्वजांचा मागोवा सिंधपर्यंत जातो. बाघ छपाईला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

ही छपाई म्हणजे खरे तर धुण्याचीच विद्या आहे, मधे थोडी छपाई! कोरे कापड आधी नदीत धुवायचे. मग खार, एरंडेल तेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते मळायचे, वाळवायचे, पुन्हा मळायचे. तेल आणि खार एकत्र आले की दुधासारखे साबणी मिश्रण होते आणि धागा रंग प्यायला तयार होतो. राखेच्या पाण्यात तुपकट पंचा भिजवणाऱ्या आजीचे आणि या खत्र्यांचे शास्त्र एकच. नंतर हिरड्याचे पाणी, म्हणजे तुरटपणाचा थर. त्यावर दोन ठसे. लोखंडाच्या गंजापासून केलेल्या रंगाचा ठसा काळा उमटतो. तुरटीचा ठसा पुढे लाल होतो. छापून झालेले कापड काही दिवस पडू द्यायचे आणि मग नदीच्या वाहत्या पाण्यात आपटून विसळायचे. या विसळण्याला ते 'विछलिया' म्हणतात. गुजरातीत 'वीछळवुं' म्हणजे विसळणे, आणि आपले 'विसळणे' त्याचे सख्खे भावंड असावे असे कानाला वाटते. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात धायटीची फुले आणि लाल रंगाचे द्रव्य घालून उकळायचे, की तुरटी लागली तेथे लाल आणि गंज लागला तेथे काळा रंग पक्का बसतो.

या सगळ्यात हिरडा, तुरटी, एरंडेल, गंज, यांतली कोणती वस्तू घरात नसते? पण एक गोष्ट घरात मिळत नाही, ती म्हणजे वाहते पाणी. विछलियात जास्तीचा रंग सुटला की प्रवाहाने तो पुढे नेला पाहिजे. साचलेल्या पाण्यात तोच रंग परत पांढऱ्या जागेवर बसतो. आपण बादलीत रंगीत कपड्याबरोबर पांढरा बनियन टाकतो तेव्हा जे होते, तेच. बाघचे कारागीर रंगाच्या चकाकीचे श्रेय बाघिनीच्या पाण्याला देतात ते यासाठी.

खाली निसरपुराकडेही धुण्याचा आधार नदीच होती. पावसाळ्यात पाणी गढूळ. मग तुरटीचा खडा फिरवायचा, किंवा निवळीची बी भांड्याच्या आतल्या अंगाला घासायची, म्हणजे माती तळाशी बसते. विहिरीचे पाणी स्वच्छ दिसे पण त्यात चुन्याचा अंश असला की फेस येत नसे. नदीचे पाणी त्या मानाने मऊ. कोणते कपडे विहिरीवर आणि कोणते नदीवर, हे बायकांना सांगावे लागत नसे.

५ एप्रिल १९६१ रोजी गुजरातेत नवागामजवळ पंडित नेहरूंच्या हस्ते नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसली. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. काम थांबत, वाढत, न्यायालयात जात सप्टेंबर २०१७ मध्ये लोकार्पणापर्यंत पोचले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या फुगवट्यात नर्मदाकाठची निमाडातली जी गावे गेली त्यांत निसरपूर एक. जुनी वस्ती, बाजार, कुंभारांच्या भट्ट्या पाण्याने गिळल्या आणि माणसे नव्या वसाहतीत गेली. धरणाने कच्छ-सौराष्ट्राला पाणी दिले हेही खरेच. त्या मोठ्या वादाचा निकाल लावणे हे स्मरणिकेतल्या लेखाचे काम नव्हे. आम्हांला एवढेच नोंदवायचे आहे की नदी होती तेथे आता तलाव आहे. काठाला गाळ बसतो, पाणी चढते-उतरते, पण पुढे नेत नाही. धुण्याचा दगड, जो पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी असतो आणि ज्याच्यावरून गावातली अर्धी नाती चालतात, तो नव्या वसाहतीच्या नकाशात कोणी आखत नाही.

नळ आणि बोअर आले की साबणाशिवाय गत्यंतर नसते. साबण हा शब्द आणि वस्तू आपल्याकडे मध्ययुगापासून आहेत. कबीराच्या आणि गुरू नानकांच्या रचनांत तो आलेला आहे. पण घरोघर वडी पोचली ती इंग्रजी अमदानीत. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लीव्हर बंधूंच्या 'सनलाइट'च्या पेट्या उतरल्या. त्या काळच्या साबणात जनावराची चरबी असे, म्हणून सोवळ्याच्या घरांनी तो बरीच वर्षे अंगणाच्या आत येऊ दिला नाही. गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला त्याचे कौतुक म्हणूनच झाले. मग १९५९ साली 'सर्फ', आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरच्या अंगणात तयार केलेली 'निरमा'. पिवळी पावडर सायकलवरून दारोदार गेली आणि रिठ्याचा डबा माळ्यावर गेला.

पावडरीचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. साध्या साबणाची जड पाण्यात चिकट साय होते, ती कपड्यावर बसून त्याला राखी करते. पावडरीचे तसे होत नाही. साबणच वापरायचा तर जड पाण्यात आधी चिमूटभर धुण्याचा सोडा विरघळवून घ्यावा, चुना खाली बसतो आणि फेस येतो. पण महागड्या पावडरींत हल्ली जी पाचकद्रव्ये घालतात ती दुधाचे, अंड्याचे, रक्ताचे डाग पचवण्यासाठी, म्हणजे प्रथिने खाण्यासाठीच घातलेली असतात. रेशीम प्रथिनाचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. गौरीच्या साड्या विरण्याचे एक कारण येथे आहे.

निळीविषयी दोन शब्द. सुत जुने झाले की पिवळट पडते. त्यावर निळसर छटा दिली की डोळ्याला ते पांढरे दिसते, मळ काही कमी होत नाही. झाडाची नीळ, मग विलायती रंगाची पुडी, 'रॉबिन', आणि १९८३ पासून केरळातल्या त्रिशूरहून निघालेली 'उजाला', एवढा तिचा प्रवास. आता पावडरीतच चमक आणणारी द्रव्ये असल्याने नीळ मागे पडली. आम्हांला मात्र दांडीवरच्या धोतराला आलेली ती थोडी जास्तीची निळाई आठवते, तिच्यावरून घरात कोणाला तरी बोलणी बसायची! खळीचेही तसेच. कोकणात भाताची पेज, आपल्या गव्हाच्या मुलखात मैद्याची पातळ खळ, पुढे साबुदाण्याची. खळ लावलेल्या कापडावर मळ आधी खळीला लागतो आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो, म्हणून ती नुसती ऐटीची गोष्ट नव्हती.

आता गौरी उतरल्यावरचे काम. मखर आवरताना साडीवर हळदीकुंकू, निरांजनाचे तूप, फुलांचा चीक, सगळेच असते. हळदीच्या डागाला घाईने साबण लावला की तो लाल होतो आणि नवी सून घाबरते. हळदीला खार लागला की ती लाल होते, आणि लिंबाने परत पिवळी होते. हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून कुंकू करतात, त्याचेच हे नातलग. डाग उन्हाने फिका पडतो, पण ऊन सुती कापडाला द्यावे, रेशमाला नाही. कुंकू आणि गुलाल आधी कोरडेच झटकावे, पाणी लागले की ते धाग्यात शिरतात. तुपाच्या डागावर बेसन किंवा कणीक टाकून ठेवावी, ती तूप ओढून घेते.

घरगुती उपाय म्हणून जे सांगितले जाते ते सगळेच घेऊ नये. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो ही समजूत जुनी असली तरी ज्या साडीचा रंग मुळात नीट बसलेला नाही ती मिठाने सुधारत नाही. सोडा आणि सिरका एकत्र टाकला तर फसफसते छान, पण एकाने दुसऱ्याचा गुण मारलेला असतो. लिंबू-मीठ चोळून गंजाचा डाग निघतो हे खरे. पण बाघच्या कापडाला ते चुकूनही लावू नये, कारण त्यावरचा काळा रंग हा लोखंडाचाच आहे, आणि डागाबरोबर नक्षीही निघून जाईल.

महेश्वरीत बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. अहिल्याबाईंच्या महेश्वरात वाढलेल्या या विणीला धुताना दोघांतल्या नाजूक धाग्याचे ऐकावे, म्हणजे रिठा. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालावेत, सकाळी बिया काढून साली कुस्कराव्यात, एक उकळी देऊन गाळावे आणि पाणी पूर्ण निवू द्यावे. पदराच्या आतल्या कोपऱ्याला ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते आधी पाहावे. अगदी शुभ्र रेशमाला रिठ्याची तपकिरी छटा लागू शकते, तेथे पाणी पातळच ठेवावे. चोळू नये, दाबून दाबून धुवावे. शेवटच्या पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकले तर रेशमाची झळाळी परत येते, मात्र हे रंग पक्का असलेल्या साडीलाच. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळवावी. ठेवताना खळ लावू नये, कसर खळीसाठीच येते. जुन्या मलमलीत गुंडाळून, जवळ वेखंडाचा तुकडा ठेवून, दर काही महिन्यांनी घडीच्या रेषा बदलाव्यात.